डॉक

माझगाव कोर्ट, दुपारचे तीन.
साहेबांनी विचारलं, कामाला कुठे?
रमाकांत तांडेल म्हणाला, डॉकमध्ये.
"ते दिसतंच आहे," साहेब इंग्रजीत म्हणाले
आणि काळे कोट हसले.
तो हसला नाही.
दुभाषी मी. हसू समजावून सांगणं
माझ्या कामात येतं की नाही, कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या घरी डॉक म्हणजे गोदी.
वडील फिटर. नखांतलं ग्रीस
दिवाळीच्या उटण्यालाही दाद द्यायचं नाही.
कोर्टात डॉक म्हणजे पिंजरा, आरोपीचा.
हे भाषांतर पहिल्यांदा कुणी केलं असेल?
त्या रात्री जाडा कोश काढला.
फ्लेमिश लोकांत म्हणे
डॉक म्हणजे सशांचं खुराडं.
म्हणजे मराठीने कुणाला न विचारता
नेमकं दार ठोठावलं होतं.

गोदीच्या डॉकचं कूळ निराळं, डच बहुधा.
ओहोटीला चिखलात बसलेलं जहाज
भरतीला निघून गेल्यावर
मागे राहतो तो चर.
दिवा मालवला. पुन्हा लावला.
दारूखान्यामागे, मी सात-आठ वर्षांची,
वडील बोट दाखवत होते चिखलाकडे:
"गेली बघ. पण तिची बैठक अजून आहे."
त्यांना डच येत नव्हतं.

आणखी एक डॉक आहे. शेपूट छाटणं.
आधी घोड्याचं, कुत्र्याचं,
मग पगाराचं.
रमाकांतचे जुलैतले सहा दिवस छाटले ठेकेदाराने,
ऑगस्टमधले नऊ.
मग एका संध्याकाळी गेटवर
त्याच्या डब्यात चपातीखाली पितळेचा व्हॉल्व्ह.
आरोपपत्रात त्या पंधरा दिवसांचा उल्लेख नाही.
व्हॉल्व्हचं वजन आहे, ग्रॅमपर्यंत.

आणि आपण? जहाज लागतं तोही धक्का,
आणि माणसाला बसतो तोही.
याचं मूळ मी शोधलं नाही.
मुद्दाम.

पण हे सगळं रात्रीचं.
दुपारी साहेब एवढंच म्हणाले, त्याला सांगा.
मी सांगितलं:
तू उभा आहेस ना, त्यालाही डॉकच म्हणतात.

त्याने कठड्यावरून तळवा फिरवला,
सांधा तपासावा तसा, सावकाश,
टोकापर्यंत.
"सागवान आहे," तो म्हणाला.
"आमच्याकडे लोखंड."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं,
काय म्हणतोय?