बारावा खंड

पहिल्या खंडाच्या चाळिसाव्या पानावर भाकीत आलं
आणि मी अडले.
शेवटचा दिवा जो विझवील, तोच दार उघडील.
साधं वाक्य. पण एस्टोनियनमध्ये
विझवील नाही, उघडील नाही,
आमच्या क्रियापदांना भविष्यकाळच नाही.
तो नाही, ती नाही;
बाईला, बाप्याला एकच आखूड शब्द : ता.
मी लिहिलं, ता दिवा विझवतं, ता दार उघडतं.
जणू काश्दरच्या कोटावर हे रोजचंच,
सकाळी सातला बेकरी उघडावी तसं.

ते ब्याण्णव साल. रूबल गेला, क्रोन आला होता,
तार्तूत नळाला गरम पाणी नव्हतं.
बोटं कापलेले हातमोजे घालून
मी ओरस्वेनच्या उन्हाळ्याचं वर्णन टाइप करत होते.

दुसऱ्या खंडात राजपुत्राचा घोडा तपकिरी.
सहाव्यात तोच घोडा पांढरा.
समुद्रापलीकडच्या लेखकाला कोण विचारणार?
मी त्या रात्री घोड्याच्या पाठीवर बर्फ पाडलं,
मुळात नसलेलं, एका ओळीपुरतं.
कोणाच्या लक्षात आलं नाही.
माझ्या नावावर एवढा एकच गुन्हा आहे.

नवव्या खंडात उघड झालं
की चिलखतातला पहारेकरी मारुन
हा पुरुष नाहीच.
जगभरचे वाचक म्हणे थक्क झाले.
मला वोरूच्या एका मास्तरणीचं कार्ड आलं :
"यात नवल ते काय?
आम्ही तिला पहिल्यापासून बाईच धरून चाललो.
तीनशे दिव्यांत रोज तेल घालायची उस्तवार
दुसरं कोण करणार?"

नकाशा मात्र उलोने काढला.
तो जमीन मोजणीच्या खात्यात होता,
खोटे डोंगर त्याला खपत नसत.
थील नदी चढावर वाहते म्हणून
आठवडाभर भांडला माझ्याशी,
मी लिहिली असल्यासारखा.
शेवटी तिला दोन वळणं देऊन उतारावर आणली,
आणि उत्तरेला, दलदलीच्या काठाला,
एक टिंब टाकलं. लेइडा.
माझं नाव. रस्ता नसलेलं गाव.
छापून आल्यावर मला कळलं.
मुलांची पत्रं यायची,
गोष्ट लेइडाला कधी जाणार?

आठवा खंड अर्धा झाला होता.
इस्पितळात नेताना गाडीत पाय ठेवून
उलो वळला आणि म्हणाला, येतो.

अकरा खंड झाले. पुढे चौदा वर्षं काही नाही.
लेखक म्हातारा झालाय. कुणी म्हणतं लिहितोय,
कुणी म्हणतं त्यालाच आता वाट सापडत नाही.
संपादक विर्वे दर नाताळाला फोन करते :
अजून डोळे चालतात ना तुझे?
चालतात. एक चालतो.

परवा कारेल आला.
बारा वर्षांचा असताना भर थंडीत दाराशी उभा राहून
मारुन मरते का, एवढंच सांगा, म्हणणारा.
आता दाढीत पांढरं. सोबत मुलगी, हेलिस,
दुसऱ्या खंडात पोचलेली, घोड्यापाशी.
तिने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं,
नेमकं त्या टिंबावर.
इथे कोण राहतं?

म्हटलं, तो खंड अजून आलेला नाही.
येणार आहे का?

मी उत्तर दिलं,
आणि आमच्या भाषेत ते एकाच शब्दाचं आहे :
येतो.
आज, की कधीतरी,
की निघताना नुसतं म्हणायचं म्हणून,
ते व्याकरण सांगत नाही.

हेलिसने मान डोलावली, पटल्यासारखी,
आणि विचारलं,
घोड्यावर एवढं बर्फ होतं
तर तो काकडला कसा नाही?
अगं, म्हटलं, तू सहाव्यात डोकावलीस!
मग बराच वेळ
मला हसू आवरेना.