पोटाखालची खाच

तपकीर गल्लीतल्या पोटमाळ्यावर
इलियास बागवाननं कॉम्प्युटर पालथा केला,
नखानं धूळ खरवडली, म्हणाला,
"बघा बाई, जागा पहिल्यापासून आहे."

बारा वर्षं मी ह्याच्यावर शिकवलं.
पुढची सत्तावीस तो शाळेच्या जिन्याखाली
व्हॉलीबॉलच्या जाळीत गुंडाळलेला.
भंगारात निघाला त्या दिवशी मी रिक्षा केली,
आणि नाना पेठेपासून घरापर्यंत सुट्ट्यांवरून भांडले.

बत्तीस के मेमरी.
चित्र काढायला बसला की निम्म्याहून जास्त चित्रच खायचं.

आता त्या खाचेत बोटाएवढी पट्टी:
दुसरा प्रोसेसर. अठराशे रुपये,
शिवाय इलियासची मजुरी, चहा धरून.

भाचा विचारतो, फायदा काय?
बरोबर आहे. त्याच्या खिशातला फोन
असली हजार यंत्रं गिळून ढेकर देणार नाही.

वर्तुळाचा जुना प्रोग्रॅम घातला.
पूर्वी ठिपक्याठिपक्यानं पुरं व्हायचं,
तेवढ्यात माझी हजेरी उरकायची,
थेट शेवटच्या यादव-येवल्यांपर्यंत.
आज बोट कळेवरून उचललं नव्हतं
आणि वर्तुळ हजर.

जुना प्रोसेसर आता फक्त
कुठली कळ दाबली ते आत कळवतो,
आलेलं उत्तर पडद्यावर मांडतो.
घर त्याच्या नावावर, चूल दुसऱ्याच्या हाती.
मला त्याचं वाईट वाटलं का?
थोडं. मग लक्षात आलं,
ज्यानं हा बांधला
त्यानंच ही खाच ठेवली होती,
आपलं कमी पडणार हे धरून.
एवढा शहाणपणा पुण्यात मी कमी पाहिला,
माझ्यात धरून.

ओळी लिहायच्या दहा, वीस, तीस.
सातवीतली सुलक्षणा पोटे हात वर करून विचारायची,
"बाई, अकरा ते एकोणीस कुठे गेले?"
मी म्हणायचे, मागाहून काही सुचलं तर.
तिला ते पटलं नव्हतं.
खरं तर मलाही कधी लागले नव्हते.

"पटत नसेल तर काढू?" इलियासनं विचारलं.
"शुक्रवारपर्यंत परत घेतील."

थांब, म्हटलं,
आणि दहा-वीसच्या मध्ये
पंधरा टाइप केलं.
पुढे काय, ते अजून सुचलं नव्हतं.