नमुना सतरा

उमाठे सरांच्या ड्रॉवरमध्ये सापडला,
सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीत गुंडाळलेला
नखाएवढा पॉलिमरचा तुकडा.
चिठ्ठीवर त्यांचं उजवीकडे झुकलेलं अक्षर:
‘नव्वद अंश. चार किलोव्होल्ट. मे अठ्ठ्याऐंशी.
लाईन गेली नाही.’

शेवटचं वाक्य नागपुरात उन्हाळा काढलेल्यालाच कळेल.

तापवायचं, सैल पडलेल्या साखळ्यांना
विजेच्या दाबाखाली एका अंगाला वळवायचं,
आणि निवेस्तोवर दाब काढायचा नाही.
मध्येच लाईन गेली
की पंगत उठावी तसे रेणू उठून जातात.
माझ्या कितीतरी दुपारी अशा उठून गेल्या:
बाहेर शेहेचाळीस, कूलरचा पंप मुका,
वाळ्याच्या ताट्या कोरड्याठाक,
आणि दौलतभाऊ दारात, हातात टरबुजाची फोड.

बाबा गोळीबार चौकात माग चालवायचे.
ताण्यावर बोट ठेवून म्हणायचे,
हा संध्याकाळपर्यंत तुटते.
मी काय करते हे त्यांना कधी नीट सांगता आलं नाही.
बोट टेकलं की वीज देईल असं कापड, बाबा.
वीज दिली तर तेच जरासं वाकेल,
झोपेत कुणी कूस बदलावी इतकंच.

सरांचा तुकडा भट्टीत ठेवला.
आत काही उरलंय का, हे कळायला एकच रस्ता:
मिनिटाला दोन अंश चढवत जायचं,
अडकलेला भार सुटू द्यायचा, मोजायचा.
मोजला की संपला.

“काहून उसवता मॅडम,” दौलतभाऊ म्हणाले,
“राहिला असता ना तसाच.”

साठला काही नाही. सत्तरला काही नाही.
अठ्ठ्याहत्तरला मी चष्मा पुसला.
पंच्याऐंशीला रेघ हलली,
अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाचा दहा लाखावा भाग,
तसे थोडे,
आणि पडद्यावर एक टेकडी चढत गेली,
सेमिनरी हिल्सइतकी, म्हणजे फार नाही,
पण चढताना दम लागतो अशी.
नव्वदला माथा.
ज्या धगीत त्यांनी बांधला होता,
त्याच धगीत सुटला.

मग उतार. मग शून्य.
दौलतभाऊंनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली.

तुकडा त्याच चांदीत गुंडाळून ठेवला.
चिठ्ठीवर खाली जागा होती.
पुष्कळ विचार केला, शेवटी नुसती तारीख टाकली.
तेवढ्यात लाईन गेली.
“जाऊ द्या,” मी म्हटलं, “आता काय.”