रकाना सतरा

माझं काम फोन लावायचं.
खारघरला, डोंगराकडच्या खिडकीशी,
दुपारी दोन ते पाच,
जिभेच्या यादीतले नंबर.

यादीत माणूस येतो मिलिमीटरमधून.
रोग किती खोल रुजला होता: चार, नऊ, चौदा.
मानेत गाठी: नाहीत; एक; तीन, त्यातली एक फुटलेली.
कापलेल्या कडेला काही उरलं होतं का.
ऑपरेशन ते रेडिएशन, मध्ये किती आठवडे गेले.
सहाच्या आत हवे होते.
शेडग्यांचे अकरा गेले,
मार्केटातली पाळी दुसरं कोण करणार म्हणून.
तंबाखू, सुपारी, मिश्री: कधी सोडली.
सोडली का.

आणि अगदी शेवटी सतरावा रकाना, माझा.
जिवंत, आजार नाही.
जिवंत, आजार आहे.
मृत्यू.
संपर्क नाही.

डॉक्टर म्हणतात, चार आणि चौदाच्या मध्ये
वर्षं असतात.
एकदा मी पट्टी घेऊन बघितलं.
दोन मसुरा शेजारी शेजारी ठेवल्या,
एवढंच.

तळोज्याच्या इस्माईलभाईंचा फोन मुलीनं उचलला.
अब्बा गेले ना, रमजानच्या आधी.
मला काही सुचेना तर तीच म्हणाली,
तुम्ही करत जा फोन, बरं वाटतं.
तारीख विचारायची राहिली.
उद्या परत लावायचा
तेवढ्यासाठी.

मग दिवाळे गाव.
सुगंधा मढवी, तेव्हा वय अठ्ठावन्न.
डाव्या कडेला व्रण.
दाढ घासते म्हणून होतंय असं समजून
सात महिने त्याच्यावर मिश्रीच लावत होती.
अर्धी जीभ काढली.
डाव्या मनगटाची कातडी शिरेसकट उचलून
तोंडात शिवली.
खोली नऊ. गाठ एक. कड मोकळी. पाचवा आठवडा.
येत्या गुरुवारी पाच वर्षं.

हॅलो, कोण बोलतंय?
"शुगंदा मदवी."

जीभ मागे वळवून टाळूला लावावी लागते
ती अक्षरं तिच्याकडे नाहीत आता.
मला सवय आहे.
या यादीत त ऐकला की कधी कधी ट लिहायचा.

बाजारात बसता का अजून?
"बशते ना. वरदत नाय. वाते लावते,
भाव बोतांवर."

आणि एकदम हसली, पाणी उकळल्यासारखं.
"येक गंमत शांगू?"

लग्नाआधी आईनं तिच्या मनगटावर
नवऱ्याचं नाव गोंदवून घेतलं होतं,
हिरवी तीन अक्षरं.
एकवीस वर्षं संसार झाला,
तिनं ते कधी जिभेवर घेतलं नाही.
रेशनच्या खिडकीतसुद्धा नाही;
"आमच्या घरातले" म्हणायची
आणि मागची बाई सांगायची.
डॉक्टरांना मऊ कातडी नेमकी तिथलीच मिळाली.
आता आरशापुढे आ केला
की डाव्या कुशीत दोन अक्षरं दिसतात.
तिसरं हातावरच राहिलं.

"त्या बाजूला चव लागत नाय,
गरम कलत नाय.
तो हाय नुसता.
आमतीबरोबर रोज गिलते त्याला, पन जात नाय."

मी फाइल बघितली. जोडीदाराचं नाव: कोरं.
म्हटलं, मावशी, नाव काय लिहू?
पलीकडे बराच वेळ बर्फ फोडल्याचा आवाज.

"गुरवारी येते ना तपाशायला,"
ती म्हणाली,
"तवा वाचून घ्या."

जिवंत, आजार नाही.
पुढचा नंबर ऐरोलीचा.
वाजतोय.