अर्ध्या कवचाचं माप

आमच्या टेकडीवरच्या नासपती
कच्च्या खाव्यात अशा नाहीतच.
करड्या, बुटक्या, बोटभर देठाच्या,
चावल्या तर जीभ खरवडून काढतील.
त्या शिजवायच्या. तांबड्या वाइनमध्ये, दोन लवंगा टाकून,
देठ वर, एकमेकींना टेकवून उभ्या,
सुई सहज आरपार जाईपर्यंत.
हे काम माझं. तोरिनोहून दर डिसेंबरात
मी त्यासाठीच येते,
असं सांगते तरी.

फेटायचं काम आईचं होतं.
ऑगस्टपर्यंत.
मग एका सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना
तिचा उजवा हात अर्ध्यातच राहिला,
आणि त्याच्या मागोमाग शब्दही.
आता तिच्यापाशी डावा हात आहे,
आणि एक "हो" आहे
जो ती नाही म्हणायलाही वापरते.

म्हणून आज बाबा.
सेकोंदो, वय अठ्ठ्याहत्तर,
वेलीची छाटणी डोळे मिटून करतील,
पण पिवळं पांढऱ्यातून वेगळं करताना
असा श्वास रोखून धरला
जणू बाळंतपण चाललंय.

पहिल्या खेपेला भुर्जी झाली.
पाणी खळखळत होतं, भांडं पार बुडालेलं.
कुत्रा खूश.
दुसऱ्या खेपेला आईने चमचा मागितला,
म्हणजे नुसती टेबलावर बोटं वाजवली
आणि मी काय ते समजून चमचा दिला.
टक्. टक्. टक्.
तांब्याच्या भांड्याला पाण्याचा नुसता श्वास लागेल इतपतच आच,
बाबांचं मनगट त्या ठेक्यामागे धावतंय,
साखर विरघळली, रंग फिकटला,
लोण्यासारखा, मग त्याहून फिका.

आता वाइन.
माप साऱ्या गावाला ठाऊक आहे:
एका बलकाला अर्धं कवच.
बाबांनी मोस्कातोची बाटली आणली,
त्यांच्याच हातची, खूण केलेली,
आणि चार बलकांना चार कवचं मोजली,
काठोकाठसुद्धा नाहीत.
टक्.
बाबांनी वर पाहिलं.
टक्, म्हणाला चमचा.
पाचवं घातलं.
टक्.
सहावं. सातवं. आठव्याला कवच फुटलं
तेव्हा तिने चमच्याने सरळ बाटलीकडेच बोट दाखवलं.

तळघराच्या भिंतीवर खडूच्या रेघा आहेत.
एक रेघ, एक बाटली.
बाबा वर्षानुवर्षं मोजत आले
आणि दर वसंतात चार-पाच कमी भरत आले.
तळघराची दुसरी किल्ली एरमेतेकडे होती,
त्यांच्या धाकट्या भावाकडे.
त्यावरून जे व्हायचं ते झालं.
नऊ वर्षं बोलणं नाही.
त्याच्या अंत्यविधीला बाबा गेले, पण चर्चच्या पायरीवर उभे राहिले,
टोपी हातात, पावसात,
आणि घरी येऊन म्हणाले, चोर होता, पण भाऊ होता.

फेटणी थांबली.
"डेल्फिना," बाबा म्हणाले, "तूच?"

"हो," आई म्हणाली.
आणि तिच्या चेहऱ्याची जी बाजू अजून तिचं ऐकते
ती हसू लागली.
आता हा हो म्हणजे हो,
की नेहमीसारखा नाही,
बाबा तिच्याकडे पाहतच राहिले.
माझी शपथ घ्यायची तयारी आहे. पण मला कोण विचारतंय.

टक्, आईने वाजवलं. टक् टक् टक्.
कारण आच काही थांबत नाही,
आणि एरमेतेला जाऊन अकरा वर्षं झाली,
आणि भांड्याच्या कडेला घट्ट व्हायला लागलं होतं.
बाबांनी मान खाली घातली, फेटू लागले.
फेस चढला, तिप्पट, भांड्याच्या काठापर्यंत,
आणि मग चमचा थांबला.
थांबला म्हणजे झालं.

मी नासपती ताटल्यांत ठेवल्या, गरम, काळसर-तांबड्या,
बाबांनी वरून ओतलं.
देठ तेवढे बाहेर राहिले.
"खा," ते म्हणाले, "खाली बसेल."
मी आईला भरवायला चमचा उचलला,
तर तिने डाव्या हाताने माझा हात बाजूला सारला
आणि ताटलीच जवळ ओढली.
बाबा बाटली उजेडात धरून
आत किती उरलीय ते बघत होते.
मग बराच वेळ
खडू कुठे ठेवलाय ते शोधत राहिले.