मागचं दार

लेंगऱ्याच्या समाजमंदिराच्या किल्ल्या माझ्याकडं असतात,
फडताळातल्या खिळ्याला, करंड्याच्या वर.
बारसं असो, बचत गट असो, तेराव्याची पंगत असो,
"मालनकाकू, किल्ली" म्हणत पोरगं दारात येतं
आणि मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.

त्या रविवारी रात्री बैठक होती: आग लागली तर काय.
लागली नव्हती. फक्त गणपतीत
थर्माकोलच्या मखराला वायर चिकटली
आणि भिंतीवर तळहाताएवढा काळा डाग राहिला.
त्यावर आम्ही कॅलेंडर लावलं होतं.

कुपवाडचा माणूस चकचकीत कागद घेऊन आला.
छतातून आपोआप पाऊस पडेल म्हणाला.
"पडू दे की," सरपंच म्हणाले,
"नळाला चार दिवसांनी पाणी येतं.
त्याच दिवशी लाग म्हणून आगीला सांगून ठेवू."
त्यानं पान उलटलं.
भोंगा, धूर हुंगणारी डबी, भिंतभर लाल नळकांडी.
जितकी पानं, तितकी शून्यं.
दोनशे माणसांचा हॉल, बँकेत एकवीस हजार.

सर्जेतात्या तोवर बोललेच नव्हते.
एकतीस वर्षं सेलमला सोनं गाळलं त्यांनी,
भट्टीपुढं बसून भुवया विरळ झालेल्या,
उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी गुळगुळीत.
उठले, आणि मेन स्विच खाली ओढला.

"चला, बाहेर पडा आता."

अंधारात आधी हसू. मग खुर्च्या.
माझ्या पावलावर कुणाचं तरी पाऊल,
कुणी लेकराला हाक मारतंय, लेकरू तर घरी झोपलेलं.
सगळे पुढच्या दाराशी, आणि दार आत उघडणारं.
मागचे ढकलतायत, पुढच्यांना ओढायला जागा नाही.
बावीस माणसं.
आग नाही, धूर नाही,
तरी माझ्या तोंडाला कोरड.

दिवे आले तेव्हा कुणी कुणाकडं बघेना.
"मागचं दार?" तात्यांनी विचारलं.
होतं की.
त्याच्यापुढं पंगतीच्या चटया, मोडकं टेबल,
दोन भरलेले सिलिंडर,
दाराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली...
सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.
दोन गल्ल्या आणि एक ओढा ओलांडून, करंड्याच्या वर.

"सोनं वितळायला हजार डिग्री लागते," तात्या म्हणाले,
"पडद्याला काडी पुरते.
आणि जाळाच्या आधी धूर मारतो.
वाकायचं, भिंत धरायची."
कुणाला मारलेला पाहिला होता त्यांनी,
ते आम्ही विचारलं नाही.

एकवीस हजारांत जमलं ते असं:
बाबासो सुताराकडून दोन्ही दारं बाहेर उघडणारी केली.
पावडरीची दोन नळकांडी, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात नाही,
दाराजवळ, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर.
सिलिंडर बाहेरच्या पत्र्याखाली.
दारांवर बॅटरीचे दिवे, लाईट गेली तरी जळणारे.
जुनी वायर काढली, तेव्हा आतून उंदराची पिलं निघाली.
येरळेच्या वाळूच्या चार बादल्या,
वाळू कशी आली ते तलाठ्याला विचारू नका.
पहिल्याच लग्नात त्या वाळूत विड्या विझवलेल्या सापडल्या.
मी चिडले. तात्या म्हणाले,
"विझल्या ना?"

मागच्या दाराला आता नुसती कडी आहे, आतून,
शाळकरी पोराच्या हाताला येईल अशी.
जुडग्यातून एक किल्ली कमी झाली.
थोडं लागलं मला ते. लागू दे.

आता पोरगं किल्लीला आलं की
मीही चपला घालते.
कॅलेंडर काढलंय, डाग तसाच ठेवलाय.
वाटेतल्या चटया पुन्हा कुणीतरी टाकलेल्या असतातच,
त्या उचलते, कडी सरकवते, दार ढकलते.
बाहेर शेजाऱ्याची म्हैस, शेणाचा वास, गार वारा.
म्हैस मान वळवून बघते.
दार ओढून घेते
आणि मग पंगतीला बसते.