सही जुळत नाही

राजवाड्यासमोरच्या बँकेत बाबालाल तांबोळींना
सांगितलं, सही जुळत नाही.
शहाऐंशी सालचं कार्ड धरलं खिडकीतून:
ताठ 'बा', खाली ठसठशीत रेघ.
इथं नुसती थरथर.

ते तसेच चालत आले रेकॉर्ड रूमला,
जिथं छत्तीस वर्षं लोकांच्या पणजोबांची मोडी
न अडखळता वाचून दिली त्यांनी.

मी चहा सांगितला. टेबलावर पुस्तक पडलं होतं,
भाचीनं शांघायहून पाठवलेलं.
एकच शब्द, घोडा,
पाच वळणांत.

चिनी त्यांना कुठलं यायला. चष्मा पुसला,
पहिल्यावर बोट ठेवलं:
"हा शिक्क्यातला. आयाळ बघ, पाय बघ.
ह्याला वेळ होता."

दुसऱ्यापाशी रेंगाळले.
आडव्या रेघा, पायांच्या जागी चार ठिपके.
मी मथळा लावून सांगितला, कारकुनी लिपी.
"कारकुनांची?"
हो. दोन हजार वर्षांमागच्या.
बांबूच्या पट्ट्यांवर धान्य, कैदी, कर
मांडत बसलेल्या.

मास्तर हसले,
एसटीत गाववाला भेटावा तसे.
"म्हणजे अक्षर साहेबानं नाही बदललं.
दिवेलागणीच्या आत ज्याला नोंदी उरकायच्या होत्या
त्यानं."

मग ती गवताची. गवतच म्हणतात तिला.
घोडा कुठं दिसेना, दौड तेवढी राहिलेली.
"हात उचललाच नाही बघ गड्यानं!"
खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याचा उतार,
वाऱ्यानं एका अंगाला पडलेला.

आणि हे सुबक, मी म्हटलं, पाटीवर गिरवायचं,
ते म्हणे मागाहून आलं.
आधी घाई. वळण नंतर.

ह्यावर काही बोलले नाहीत.
चहावर साय धरली.
माझं पेन घेतलं, बशीखालचा कागद ओढला,
सही केली. परत केली.
थरथर होती तशीच, पण आता
ते तिला दामटून बसवत नव्हते.
ती जाईल तिकडं हात सोडत होते.
अकरा झाल्या. एकीसारखी दुसरी नाही.

"उद्या नवं कार्ड करा म्हणतो," म्हणाले.
"अकरातली कुठली घेतील, त्यांचं ते बघतील."

निघताना दारातल्या नोंदवहीत वेळ लिहिली, चार वीस.
सहीच्या रकान्यात सुरू झालेली रेघ
रकाना ओलांडून खाली उतरली,
अजून न आलेल्या दोन माणसांच्या जागेत.
शिपाई बघत राहिला.